सरसकट पंधरा

पडद्यावर कंपनीचं चिन्ह उगवलं, खाली ठिपके गोल गोल फिरले आणि कॉम्प्युटर पुन्हा मेला. मग आपोआप सुरू झाला. पुन्हा चिन्ह, पुन्हा ठिपके. साडेदहापासून हेच चाललं होतं, आता दुपारचे दोन वाजत आले होते.

"फॉरमॅट मारायचं," मुख्याध्यापक प्रेमराज सर खुर्चीतूनच म्हणाले. "भूषणला फोन केलाय मी."

भूषण म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांचा भाचा. जळगावला त्याचं दुकान. कुठलंही मशीन आणा, त्याच्याकडे एकच औषध: सगळं पुसा, नवीन भरा. अशा माणसांना लोक इंजिनिअर म्हणतात.

जीनत भडगावच्या त्या शाळेत चौदा वर्षं तात्पुरती लिपिक होती. जूनमध्ये ऑर्डर, मेमध्ये संपली. चौदा वेळा.

"फॉरमॅट केलं तर दहावीच्या विज्ञानाचे प्रॅक्टिकलचे मार्क जातील, सर. पुनम मॅडमनी थेट यातच भरलेत."

पुनम मॅडमनी दोन दिवस एकेका पोराला टेबलापाशी उभं केलं होतं. भिंग धरायला लावलं, लिटमस बुडवायला लावला, वीसपैकी ज्याला जेवढं आलं तेवढेच मार्क दिले. कच्चा कागद फाडला आणि बाळंतपणाला धुळ्याला माहेरी गेल्या. सकाळी जीनतने फोन केला, तेव्हा त्यांना तिघा-चौघांचेच मार्क आठवत होते. आणि एकसष्ट पोरांचे मार्क आज पाचच्या आत परीक्षा मंडळाच्या साइटवर चढवायचे होते.

"मग सरसकट पंधरा टाका," सर म्हणाले. "कुणाचं काही वाईट होत नाही."

"होतं, सर."

ती एवढंच बोलली. बारावीला तिच्या कॉलेजात प्रॅक्टिकल झालंच नव्हतं. तिथल्या सरांनी स्टाफरूममध्ये चहा पीत पीत सगळ्या वर्गाला एकच आकडा लिहिला होता. तिला उत्तरं पाठ होती, ती विचारायला कोणी आलं नाही. डीएडची यादी तिच्यापेक्षा दोन मार्क वर बंद झाली. वर्गात शिकवायचं होतं, ती वर्गाबाहेरच्या टेबलावर बसली.

दारात शिपाई लोटननाना मान खाली घालून उभे होते. काल निघताना जीनतने कॉम्प्युटर बंद केला, तेव्हा अपडेट चालू आहे, बंद करू नका, अशी अक्षरं आली होती. होईल आपोआप, म्हणून ती घरी गेली. साडेपाचला नानांनी मेन स्विच पाडला. प्रयोगशाळेतला विजेचा बोर्ड जळाल्यापासून तसा नियमच होता. अर्धवट अपडेट मशीनच्या घशात अडकलं.

"माले काय मालूम व्हतं, बाई. साहेबनी ऑर्डर शे."

सर नानांना मेमो द्यायची भाषा करू लागले. जीनतने फाइल काढून मेन स्विच पाडायची त्यांच्याच सहीची ऑर्डर समोर ठेवली. चूक माझी, मी थांबायला हवं होतं, असंही सांगितलं. मेमो तिथेच मिटला.

मग तिने स्टूल ओढलं. मोबाइलवर वाचून वाचून वहीच्या मागच्या पानांवर तिने बरंच काही उतरवून ठेवलं होतं. सुरू होता होता तीनदा मध्येच बंद केलं, तर मशीन दुरुस्तीचा पडदा उघडतं. चिन्ह आलं की तिने बटण दाबून धरलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा सर खुर्चीतून उठले. "अहो, जाळाल."

"जळालं तर तुमचे पंधरा आहेतच की."

चौथ्यांदा निळा पडदा आला. तिने शेवटचं छोटं अपडेट काढायला सांगितलं. वीस मिनिटांनी उत्तर आलं, जमलं नाही. भूषणचा फोन वाजत होता, तिने तो उलटा ठेवला. आता आधी मार्क, मशीन नंतर. वहीत बघून आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली, तिच्यातून नोटपॅड, आणि नोटपॅडच्या फाइल उघडायच्या चौकटीतून मशीनचं पोट. पुनम मॅडमची फाइल तिथे होती. ती पेनड्राइव्हवर उतरली, तेव्हा जीनतच्या कपाळावरचा घाम डोळ्यात आला.

मग छोट्याऐवजी मोठं अपडेट काढायला लावलं. नाना स्वतःहून मेन स्विचपाशी जाऊन उभे राहिले. "आज याले कोनीच हात लावाव नही," त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावलं. पाऊण तास ते हलले नाहीत.

चार वाजता कॉम्प्युटर नीट उघडला.

"भूषणने सांगितलं तसंच केलं ना?" सरांनी विचारलं. जीनतने साइट उघडली. मागच्या वर्षी घाईत एका पोराचे मार्क दुसऱ्याला पडले होते, म्हणून सर मागे उभे राहून फाइलमधलं नाव आणि आकडा वाचू लागले, ती भरू लागली. मोहिनी पाटील, वीस. ही वीटभट्टीवरची पोरगी. पुढे सतरा, अकरा, एकोणीस. दोन ओळी सारख्या येत नव्हत्या.

पस्तिसाव्या नावावर सर थांबले.

"फैज सत्तार शेख," ते म्हणाले. "हा तर तुमचाच मुलगा ना?"

"हो."

"नऊ."

तिने फाइलकडे पाहिलं. नऊच होते.

"पंधरा करून टाका," सर हळूच म्हणाले. "पुनमला कुठं आठवणार आहे?"

घड्याळात चार वीस झाले होते. जीनतने नऊचं बटण दाबलं, आकडा उमटलेला पाहिला आणि पदराने हात पुसला.

"पुढचं नाव, सर."