ओनोराचं पदक

लॉर्कन गेराटीनं पदक काउंटरवर ठेवलं ते अशा थाटात, की मी उठून उभंच राहायला हवं होतं. गावात मला सगळ्यांत जास्त किळस येते ती याच माणसाची. रविवारी ग्रंथालयात त्याच्या घराण्याचं पदक काचेत लागणार होतं, आणि ते अस्सल असल्याचा दाखला त्याला माझ्या चांदीच्या दुकानाकडून हवा होता.

"आमची ओनोरा," तो म्हणाला. "नऊ वर्षांची पोर, आयरिश भाषेच्या स्पर्धेत पहिली! वाच ना, आपल्या आयरिश लिपीत आहे."

'ओनोरा गेराटी, वय नऊ, पाठांतरासाठी' असं कोरलेलं होतं खरं. मागच्या बाजूला उघडं पुस्तक.

"कवितांचं," तो म्हणाला.

मी भिंग लावलं. कडेला डब्लिनचा चांदीचा शिक्का आणि शेजारी घडवल्याचं साल सांगणारं अक्षर होतं. अक्षरांच्या तक्त्याशी दोनदा ताडून पाहिलं. १८४८.

"लॉर्कन, भाषेच्या स्पर्धा आल्या त्याच्या पन्नास वर्षांनी. हे साल दुष्काळाचं. हे प्रोटेस्टंट मिशनच्या शाळेचं पदक आहे, आणि पुस्तक त्यांचं आयरिशमधलं बायबल आहे."

त्याचं तोंड उतरलं. त्या शाळा काय होत्या ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बटाटा सडला, माणसं गवत खाऊन मेली, तेव्हा या मिशनवाल्यांनी सुपाच्या कढया मांडल्या. तुमचा कॅथलिक पंथ सोडा आणि वाडगा घ्या! ज्यांनी घेतला ते सूपबाटगे. आमचं घराणं त्यातलं. म्हणून याच्या बापानं माझ्या आत्याचं ठरलेलं लग्न मोडलं. आणि शाळेत हा माझ्या मागे डब्यावर चमचा वाजवत चालायचा, टिण टिण, रोज.

"नुआला, हे आपल्या दोघांतच," तो खाली वाकून म्हणाला. "कड जरा घासून टाक. तेवढं अक्षर गेलं की झालं."

"नाही घासणार."

"मग वितळवून टाक!" त्यानं पदक एका बोटानं दूर सारलं आणि ते बोट पँटला पुसलं. "शी! वाडगाभर सुपासाठी विकली गेली कार्टी."

"नऊ वर्षांची होती रे ती! उपाशी होती!"

"म्हणून काय झालं? नाक कापलं आमचं."

मी दाखला लिहिला, खराखुरा, आणि त्याच्यापुढे सरकवला. त्यानं तो फाडला आणि पदक तिथंच टाकून दाराकडे निघाला.

काउंटरवर माझा चहा होता, त्यातला चमचा मी उचलला. मी तो कपावर वाजवला. टिण टिण. त्याचे कान लाल झाले. मी आणखी जोरात वाजवला, दार आपटेपर्यंत.

मग खाली पाहिलं. 'ओनोरा गेराटी, वय नऊ.' चमचा मी त्या उपाशी पोरीच्याच डोक्यावर वाजवत होते. चहा मी तसाच मोरीत ओतला.