आभारात घेतलेलं नाव

नववीत गेल्यावर मला कळलं, की आपला आवाज मोठा आहे. मायला ते आधीच ठाऊक होतं. "हळू बोल गं, भिंती एकेरी विटेच्या आहेत," असं ती रोज म्हणायची. पण मोठा आवाज असणं ही चांगली गोष्ट असते, हे मला शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत समजलं. पहिला नंबर आला, ढाल मिळाली, आणि मी एकदम चालायलाच वेगळी लागले. शेजारच्या शकुबाई म्हणायच्या, "आली बघा आमची पुढारीण. बाजूला व्हा रे, जीप जाऊ द्या!" मला राग यायचा नाही. उलट मी हात हलवून दाखवायची.

आमची वस्ती नाशिकजवळच्या अंबडच्या कारखान्यांच्या मागे. अठ्ठ्याहत्तर साली मराठवाड्यात दंगल झाली, बौद्धवाडे जळाले, तेव्हा जी घरं गाव सोडून नाशिकला आली त्यातलंच आमचं एक. मी सात-आठ वर्षांची होते. पेपरातून दंगल लवकर गेली, पण मदतीला आलेली संस्था गेली नाही. आधी तंबू आणि खिचडी, मग पत्र्याच्या शेड, मग विटांची घरं. विटा-सिमेंट संस्थेचं, बांधणारे हात आमचे, आणि नियम असा की आपल्या घराची भिंत दुसऱ्याने बांधायची, दुसऱ्याची आपण. मग बालवाडी, शिवणाचा वर्ग, माणसांना कारखान्यात चिकटवून देणं. माझ्या अण्णांना हेल्परचं काम संस्थेनेच मिळवून दिलं. संस्था म्हणजे आमच्यासाठी मंगलाताई. लूनावरून यायच्या. आल्या की कुणालाही "काय झालं होतं?" असं कधीच विचारायच्या नाहीत. "काय हवंय?" एवढंच विचारायच्या.

कारण वस्तीत गावाचं नाव कुणी घेत नाही. 'तिकडं' म्हणायचं. तिकडं पाऊस झाला म्हणे. तिकडची चिंच आली. प्रत्येकाचं कुणी ना कुणी अजून तिकडं आहे, आणि इथे बोललेलं तिथे कधी, कसं पोचेल सांगता येत नाही. हे कुणी शिकवत नाही, लहान मुलंही आपोआप 'तिकडं' म्हणतात.

आमची तिकडं नवसाआत्या होती, अण्णांची थोरली बहीण. सगळे पळाले तेव्हा ती म्हणाली, "माझा नवरा या मातीत हाये, म्या कुठं जाऊ?" ती राहिली जयरामआप्पांच्या गोठ्यालगतच्या खोलीत. आप्पा गावातल्या मोठ्या भावकीतले. (त्यांचं नाव जयराम नाही. एकदा खरं घेतलं, तेवढं पुरे.) गाव समजत होतं, ही त्यांची शेण काढणारी बाई. आमचा दीड एकराचा तुकडाही आप्पाच पेरायचे आणि वर्षाकाठी ज्वारीचं पोतं गुपचूप ओळखीच्या ट्रकमध्ये टाकायचे. आणि ज्या दुपारी आमचा बौद्धवाडा पेटला, त्या दुपारी त्यांनीच आम्हाला कडब्याच्या गंजीत लपवलं होतं. हे आमच्या घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं.

पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीत वस्तीचं सभागृह पूर्ण झालं. उद्घाटनाला मुंबईहून देणगी देणारे पाहुणे येणार होते. मंगलाताई म्हणाल्या, "गौतमी, आभारप्रदर्शन तू कर."

"आभार? भाषण नाही?"

"आभार सोपे नसतात बरं का. एक नाव राहिलं की तो माणूस वर्षभर तोंड फिरवतो. मंडपवाल्याचंसुद्धा राहता कामा नये."

मी तयारी केली. आरशासमोर केली, मोरीत केली, शाळेच्या रस्त्याने केली. ताईंनी तपासलं, मास्तरांनी तपासलं.

त्या दिवशी मी स्टेजवर गेले, माइक जरा खाली ओढला, आणि पहिल्याच वाक्याला टाळ्या पडल्या. काय सांगू! पाहुण्यांचे आभार, संस्थेचे, गवंडीकाम शिकवणाऱ्या फकिरामामांचे, मंडपवाल्याचे, माइकवाल्याचे. सगळी नावं झाली. लोक उठायला लागले. आणि मला वाटलं, या सगळ्यांनी नंतर दिलं. पहिल्यांदा ज्याने दिलं त्याचं नाव राहिलं की! माझ्यासमोर माइक होता, घसा अगदी मोकळा होता. मी म्हणाले, "थांबा. एक नाव राहिलं." आणि मी आप्पांचं नाव घेतलं. आडनावासकट. गावाचं नाव घेतलं. त्यांनी आम्हाला कसं लपवलं, बैलगाडीत पोत्यांखाली घालून तालुक्याला कसं पोचवलं, आजही आत्याला कसं सांभाळतात, सगळं सांगितलं. "माणुसकीला जात नसते, हे आम्हाला या माणसाने शिकवलं," असा शेवट केला.

पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवत होते. एक बाई डोळे पुसत होत्या. पुढे बसलेल्या आमच्या बायका मात्र वाजवत नव्हत्या. शकुबाईंचे हात मांडीवरच होते. मायने पदर तोंडात धरला होता. मला वाटलं, त्यांना भरून आलंय. खरंच, मला तसंच वाटलं. स्टेजवरून उतरतानाही मी हसत होते.

खाली मंगलाताईंनी माझा दंड पकडला. "हे लिहिलेलं नव्हतं."

"सुचलं!" मी म्हणाले.

त्या थेट बातमी घ्यायला आलेल्या पेपरवाल्याकडे गेल्या आणि ते नाव छापू नका म्हणाल्या. त्याने मान हलवली, हसला, चहा घेतला आणि गेला. दुसऱ्या दिवशी चौथ्या पानावर छापून आलं, नाव आणि गाव, दोन्ही.

अण्णा मला रागावले नाहीत. त्यांनी पेपराची घडी घालून ती चुलीत सरकवली आणि म्हणाले, "नाशिकचा पेपर तिकडं जात नाही." माय म्हणाली, "नाही जात." दोघं दिवसभर एकमेकांना हेच सांगत होते.

पेपर तिकडं गेला नाही, तिकडचे लोकच इकडे आले. आप्पांच्या गावचे चौघे त्र्यंबकेश्वरला पूजेला आले होते. परतीच्या गाडीची वाट बघत स्टँडवर चहा पीत असताना त्यांच्या हाताला तो पेपर लागला. हे आम्हाला नंतर कळलं, आत्याकडून.

मार्च संपता संपता, माझी वार्षिक परीक्षा चालू असताना, आत्या दारात उभी राहिली. डोक्यावर गाठोडं, आणि मागे एक उंच म्हातारा माणूस. धोतर, डोक्याला पटका, हातात रिकामी पिशवी. मी त्यांना ओळखलं नाही. सात वर्षं ज्यांच्याबद्दल मनात बोलत होते, त्यांना मी ओळखलं नाही.

आत्या आत येऊन बसली आणि पाणी न पिताच सांगायला लागली. आप्पांची नवी गंजी पेटवली, त्यांच्याच भावांनी. शेतावर कुणी मजूर जात नाही. पिठाच्या गिरणीतही त्यांचं दळण मागे ठेवतात.

"आम्हाला लपवलं म्हणून एवढं?" मी विचारलं. "सात वर्षांनी?"

"लपवलं त्याचं नाही गं पोरी." आत्याने आवाज खाली आणला. "त्या दिवशी लोक यांच्या दारात आले होते. म्हणले, तुझ्याकडं हायेत. यांनी देवळात जाऊन खंडोबाचा भंडारा उचलला. माझ्याकडं कुणी न्हाई, म्हणून शपथ घेतली. गावानं इश्वास ठेवला अन् मागं फिरलं. आता गाव म्हणतं, देवाच्या दारात खोटं बोललास. दोन वर्षं पाऊस नव्हता तो तुझ्या पापानं."

भंडाऱ्याची गोष्ट मला माहीत नव्हती. अण्णांना माहीत होती. मायलाही. मला कुणी सांगितली नव्हती, कारण लहान होते, आणि नंतर आवाज मोठा होता.

आप्पा बाहेर ओट्यावर बसले होते. मी चहा घेऊन गेले.

"भाषण करणारी तूच का?" ते म्हणाले.

"हो."

"आमच्यापत्तूर आलं की गं ऐकू." आणि हसले. खरं हसले, टोमणा नव्हता. त्यांनी रागावायला हवं होतं. मी त्यासाठी तयार होते, उत्तरसुद्धा जुळवून ठेवलं होतं.

तोवर वस्ती गोळा झाली होती. मंगलाताई आल्या आणि नेहमीसारखं विचारलं, "आप्पा, काय हवंय?"

"हिला जागा द्या. म्या निघतो उद्या."

"तुम्हीही राहा. बालवाडीमागची खोली रिकामी आहे. संस्था बघेल."

फकिरामामा भिंतीला टेकून उभे होते. त्यांचा धाकटा भाऊ तिकडंच गेला होता, जिवानिशी. ते म्हणाले, "ताई, घरं कुणापासून पळालेल्यांसाठी बांधली आपण? आता त्यांच्यातलाच माणूस आणून बसवायचा?"

मला बोलायचं होतं! चांगली चार वाक्यं घशाशी आली होती, एकापेक्षा एक. मी मामांकडे बघितलं, मायकडे बघितलं आणि ती गिळली. मग शकुबाईच फणकाऱ्याने म्हणाल्या, "मामा, तो माणूस कडब्यात माणसं ठेवतो, आपण विटांच्या घरात एक नाही ठेवायचा होय? चला, माझ्याकडे जेवा आप्पा. वांग्याचं भरीत चालतं ना? की बाटता?"

"वांगं कुणाला बाटवतं व्हय?" आप्पा म्हणाले आणि उठले. फकिरामामा निघून गेले. पण मघाशी आप्पा बसले होते तिथे ते जाताना एक बाज टाकून गेले.

दुसऱ्या दिवशी आप्पांना ताईंनी परत आग्रह केला. ते ऐकेनात. "बैलं हायेत दावणीला. शेजारचं पोरगं वैरण टाकतंय, पर चोरून. किती दिस टाकंल?"

"तुम्हाला मारतील," अण्णा म्हणाले.

"भाऊच हायेत. बोलतील. लई तर बोलणार न्हाईत." आणि आत्याकडे वळून, "तुकडा म्या पेरीन. यंदा पोतं धाडायला जमंल न जमंल."

त्यांना स्टँडवर सोडायला मी जाते म्हणाले. मायने एकदा माझ्याकडे बघितलं आणि जा म्हणाली. मला वाटेत माफी मागायची होती. ती मी रात्री पाठ केली होती. पाठ केली होती म्हणूनच बहुतेक एकही शब्द बाहेर येईना. सिटी बसमध्ये आप्पाच बोलत होते. कारखान्यात रात्री पण दिवे असतात का, द्राक्षाला एवढी तार कशाला लागते, तुझा पेपर कशाचा आहे आज. मी म्हणाले, भूगोलाचा, दुपारी. ते म्हणाले, मग कामून आलीस, जा की घरी. मी गेले नाही.

स्टँडवर औरंगाबादची गाडी लागायची होती. आम्ही बाकावर बसलो. शेजारी एक माणूस पेपर वाचत होता, आणि मी मान दुसरीकडे वळवली.

"आप्पा," मी शेवटी म्हणाले, "मी पुन्हा भाषण करते. छापायला सांगते, की ते खोटं होतं. मीच रचलं. लहान पोरगी आहे म्हणतील, सोडून देतील."

"म्हंजे आता तू उचलणार भंडारा?"

शेजारच्या माणसाने पेपराचं पान उलटलं.

"खोटं एकानं बोललं तेवढं बास," ते म्हणाले. "अन् तू बोललीस ते चांगलंच होतं म्हणं. नवसा सांगत होती, बाया रडल्या. मला कुणी कधी थँक्यू म्हणलं न्हाई बघ. म्हणायचं तरी कुठं? पर एका जागी चुकलीस."

"कुठे?"

"गाडीत घालून तुम्हाला तालुक्याला पोचवलं ते म्या न्हवं. म्या कसा जाईन? म्या दारात पायजे होतो, लोकायला दिसायला. गाडी जुपून गेला तो आमचा…"

ते थांबले. तोंड उघडंच होतं, नाव ओठांवर आलेलं मला दिसत होतं. ते माझ्याकडे बघत होते. मी पुढे सरकले होते, बाकाच्या अगदी कडेला, आणि कान टवकारून ऐकत होते. मला स्वतःलाच ते जाणवलं, की मी कशी बसले आहे.

'आमचा' म्हणजे घरातला. भावांपैकी कुणी. ज्यांनी गंजी पेटवली त्यांच्यापैकी. आपलं नाव पुढच्या वेळी येईल, या भीतीने ज्याने सगळ्यांच्या आधी काडी लावली असेल, असा कुणी. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात जुळलं, आणि ते नाव मला हवंच होतं.

"सांगू नका, आप्पा," मी म्हणाले.

"न्हाई सांगत."

गाडी लागली. त्यांनी पिशवी काखेत मारली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि चढले. खिडकीतून म्हणाले, "पेपर नीट लिव्ह." मी हात हलवला. रस्त्यावरच्या लोकांना दाखवायला हलवते तसा नाही.

परत येताना सिटी बसमध्ये मला उभंच राहावं लागलं. भूगोलाचं काहीएक आठवत नव्हतं. आप्पा 'न्हाई सांगत' इतक्या पटकन म्हणाले होते, की मी नको म्हटलं नसतं तरी त्यांनी मला ते नाव सांगितलं नसतं.