दाराबाहेरचे जोडे

सिपोराने अनिशचे बूट आत घ्यायला हात घातला आणि तसाच मागे घेतला. लोखंडी टोकाचे कामाचे बूट, तळव्याला वाळलेली माती. त्या दिवशी तो नवे घालून गेला. हे जुने दारातच राहिले.

गोदामात अलार्म झाल्यावर सगळ्यांना पार्किंगमध्ये उभं करून सुपरवायझरने डोकी मोजली होती. एक कमी भरलं. ते एक म्हणजे तिचा मुलगा, अनिश.

खिशातला फोन थरथरला. डॅनियल. "सॉरी गं मावशी, शिफ्ट वाढवली. आज प्रार्थनेला नाही जमत."

"नो वरीज," ती म्हणाली. तोंडातून आपोआप निघालं.

आत पुरुष भिंतीला टेकून बसले होते. दहा पुरुष जमल्याशिवाय कद्दीश, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणता येत नाही, आणि इथे परदेशात, डँडेनॉन्गमध्ये कोकणातले यहुदी आहेत तरी किती? कालही कमी पडले; आज डॅनियल धरून दहा होणार होते. नवरा, शालोम, पोराच्या नावाने पुस्तक उघडून बसला आणि मिटून उठला. ते मिटल्याचा आवाज तिला अजून ऐकू येत होता. बाकी काही ऐकू येत नव्हतं.

धाकटी लेक ईशानी माणसांवरून बोट फिरवत होती. "वन, टू, थ्री..."

"बोटाने माणसं मोजू नये, बाय," म्हातारे बाळकाका म्हणाले. "दावीद राजाने मोजली, तर सत्तर हजार लोक मरीने गेले. मोशेला देवाने सांगितलं होतं, माणशी अर्धा शेकेल नाणं घ्या, ती मोजा. डोकी धरून मोजू नका."

"बट वी डोन्ट हॅव शेकल्स, काका."

"दाराबाहेर जोडे आहेत ना. ते मोजू."

"मग माझे पण धरा."

"पुरुषांचेच. तेव्हाही वीस वर्षांवरचे, लढाईला जातील असेच मोजले."

"माझा एकवीसचा होता," सिपोरा दारातून म्हणाली. "लढाईला नाही, गोदामात गेला."

हा असला देव, पुरुषांची गणती मागतो आणि त्यातलाच एक उचलून नेतो, हे तिला मोठ्याने म्हणायचं होतं. पण त्यालाही जोर लागतो.

बाळकाका काठी टेकत बाहेर गेले. दिवा न लावताच वाकून रांगेवरून काठी फिरवली. ओठ हलत होते. शेवटी, दहाव्या जोडीला, काठी लोखंडी टोकावर टक् वाजली.

फोन सिपोराच्या मुठीत होता. डॅनियल येत नाही, एवढं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"भरले," आत येत बाळकाका म्हणाले. "शालोम, ऊठ."

शालोम उठला. आवाज पहिल्या शब्दाला फाटला, मग चालू लागला. ईशानीने आईकडे पाहिलं, ओठ उघडले. सिपोराने तिचा हात धरला. 'आमेन' म्हणायची वेळ आली तेव्हा पुरुषांच्याही आधी तिचाच आवाज निघाला. कोरडा, सपाट.

नंतर एकेकाने आपापले जोडे घातले आणि गाड्या निघून गेल्या. बाळकाका सगळ्यांत शेवटी बाकावर बसले. पायात चपला सरकवल्या. समोर ते बूट तेवढे उरले होते. काठीच्या टोकाने त्यांनी ते हळूच जुळवून ठेवले, टाचेला टाच.

"उद्याही हे आत घेऊ नकोस," ते म्हणाले आणि गेटकडे चालू लागले.