फेस गेला, टोफू राहिला

काओ गुरुजींनी पेला वर धरला तशी देवळाच्या अंगणातली कुजबुज थांबली. पेल्यात सहा वर्षांच्या पेइ-जेनची सकाळची लघवी होती आणि वर दोन बोटं फेस. गुरुजींनी बाटलीतल्या ‘देवाच्या दंवा’चे दोन थेंब टाकले. फेस बघता बघता बसला. शे-दीडशे हात जोडले गेले.

“मूत्रपिंडात फेसाळ आत्मा बसला होता, तो निघाला,” गुरुजी म्हणाले. “आता डॉक्टरांच्या गोळ्या बंद. गोळ्यांच्या वासाने तो परत येतो.”

आत्म्यालाही गोळ्यांचा वास खुणावतो, हे गावाला त्या दिवशी कळलं.

पेइ-जेनची आई युए-हुआ बाजारामागे टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, करायची. दहा महिने पोरीच्या लघवीतून अंगातली प्रथिनं वाहून जात होती, फेस त्यांचाच यायचा. पापण्या सुजत, गोळ्यांनी गाल टम्म फुगत, शाळेत मुलं ‘वाफवलेला पाव’ म्हणून चिडवत. रोज उठल्यावर आधी पोरीच्या पेल्यातला फेस बघायचा, मगच चूल पेटवायची, असं तिचं आयुष्य झालं होतं. तोच फेस डोळ्यांदेखत गेला तेव्हा ती अंगणातच रडली.

गोळ्या एकदम तोडायच्या नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण सासूबाई म्हणाल्या, “स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंस ना, सूनबाई? आणखी काय हवंय?” युए-हुआने त्या दिवशीची गोळी दिली नाही. दिवसभर ती गोळ्यांचा डबा उघडत होती आणि मिटत होती. जीव थाऱ्यावर नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे सोयाबीनचं दूध उकळलं आणि फेस कढईच्या काठाशी आला. सवयीने तिने फेस बसवायच्या तेलाचे चार थेंब टाकले. फेस बघता बघता बसला.

तिचा हात तसाच राहिला. मग तिने गुरुजींकडून आणलेली बाटली उघडली आणि बोटावर थेंब घेतला. तोच गुळगुळीतपणा, तोच वास. तिने वाडगाभर फेसाळ दुधात दोन थेंब टाकले, फेस गेला. त्यात दूध फाडायचं मीठ घातलं, तर टोफू नेहमीसारखा घट्ट धरला, आणि टोफू म्हणजे दुधातली प्रथिनंच. फेस गेला म्हणून प्रथिनं कुठे जातात? वीस वर्षं ती रोज फेस मारत होती आणि एकदाही टोफू चुकला नव्हता. तिला स्वतःचाच भयंकर राग आला. पोरीच्या पेल्यात तेच थेंब टाकून तिने दवाखान्यातून मिळालेली, प्रथिनं तपासायची पट्टी बुडवली. फेस नव्हता, पट्टी मात्र गडद हिरवी झाली, म्हणजे प्रथिनं अजून जातच होती. तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि त्यांनी सांगितलं तशी लगेच गोळी दिली.

मग शेगडी आणि कढई घेऊन ती देवळात गेली. दूध फेसाळलं तेव्हा गुरुजींना म्हणाली, “टाका दंव.”

“देवाचं दंव स्वयंपाकात टाकत नाहीत, बाई.”

“बरं, मग माझ्या डब्यातलं तेल टाकते.” फेस बसला. तिने मीठ घातलं, जरा वेळाने टोफूचा गोळा काढून त्यांच्यापुढे ठेवला. “फेस गेला की रोग गेला म्हणता. मग हा कशाचा झाला?” पोरीची हिरवी पट्टी तिने शेजारी ठेवली.

मासळीवाला मोठ्याने हसला. गुरुजी सामान आवरू लागले. तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढे आली. खांद्यावरच्या तिच्या लेकीचे डोळे सुजून मिटले होते. “माझ्या पोरीच्या गोळ्या बंद करून आठ दिवस झाले,” ती म्हणाली.

पुढे कुणी हसलं नाही. युए-हुआने शेगडी तिथेच सोडली आणि त्या दोघींना घेऊन दवाखाना गाठला. पोर वाचली, पण महिनाभर खाटेवर होती.

डोळ्यांनी दिसलं ते खरंच होतं. पण ते कशाने झालं, हे विचारल्याशिवाय कुणी पोराची गोळी थांबवू नये. एवढं विचारायला डॉक्टर असावं लागत नाही, टोफू करणारी बाईही विचारू शकते.

हल्ली पेइ-जेनची गोळी सासूबाईच देतात. आधी पट्टी बघतात, फेसाकडे बघत नाहीत.