चंद्रावरून जाणारा ठिपका

“आला! बघ, बघ, चंद्राच्या अगदी मधोमध!” चष्मेवाल्यांनी दुर्बिणीपुढचं स्टूल बायकोसाठी झटकन रिकामं केलं.

ती हातातलं शिवण बाजूला ठेवून बसली. बराच वेळ बघत राहिली. “नुसता चंद्र आहे. स्वच्छ.”

“गेला असेल मग. तू बसेस्तोवर थांबतोय थोडाच!”

संध्याकाळचे सात वाजत होते. चष्म्याच्या दुकानात चाळीस वर्षं काचा घासून निवृत्त झालेला हा माणूस आता गच्चीवर बसून आकाशातल्या येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही ठेवत असे. आपल्या नजरेतून काही सुटत नाही, हा तोरा ते लपवतही नसत. लुकलुकत जातं ते विमान, एकसारख्या उजेडात सरकतो तो उपग्रह, पंख दिसले की पक्षी. पण गेले आठ दिवस एक काळा ठिपका चंद्रावरून जात होता. उपग्रह चंद्र ओलांडतो तो क्षणात. हा घुटमळे, मागेही फिरे. काहीतरी नवीनच गवसलं, म्हणून खगोल मंडळाला पाठवायचं पत्रही लिहून तयार होतं.

बायकोने वही ओढली. “हे काय, रोज उल्का? उजव्या कडेला लखकन रेघ. मंगळवारीसुद्धा?”

“मंगळवारी दोन दिसल्या.”

“अहो, मंगळवारी ढग होते. तुम्हीच लिहिलंय इथे, आकाश पूर्ण ढगाळ.”

चष्मेवाल्यांनी डोळा लावायचं भिंग काढून पुसलं, परत बसवलं आणि बघता बघता हळूच फिरवलं. काचेवरचा कण असता तर भिंगाबरोबर फिरला असता. ठिपका फिरला नाही. आता एकच तपासणी उरली होती, आणि ती पहिल्याच दिवशी सुचायला हवी होती. त्यांनी डावा डोळा लावला.

चंद्र स्वच्छ होता.

डोळ्यांपुढे ठिपका येतो, कडेला चमकतं, असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यांनी कधी चष्मा विकला नव्हता. ‘आजच्या आज डॉक्टरकडे जा, डोळ्याच्या आतला पडदा सुटला तर नजर जाईल,’ असं बजावून दारातूनच परत पाठवलं होतं. स्वतःचे मात्र आठ दिवस त्यांनी हौसेने वहीत टिपले होते.

“माझ्या उजव्या डोळ्यातच आहे गं ते,” ते म्हणाले.

“चला. मी गाडी बोलावते. डोळ्यांचा दवाखाना उघडा असेल अजून.”

“गाडी येईपर्यंत बस. आजची नोंद राहायला नको.”

“कमाल आहे तुमची!” म्हणत तिने गाडी बोलावली आणि बसली.

“काही हलतंय?”

“नाही.”

“नीट बघ.”

“नीटच बघतेय.”

त्यांनी सगळ्या ठिपक्यांपुढे लिहिलं : ओळख पटली, उजवा डोळा. खाली आजची नोंद केली : चंद्र स्वच्छ, काही हललं नाही. निरीक्षकाच्या रकान्यात अठरा वर्षं ते स्वतःचंच नाव घालत आले होते. तिथे आज त्यांनी बायकोचं नाव घातलं, वही मिटली आणि तिच्या खांद्याला धरून जिना उतरू लागले.