काळा खडक दिसला की

समोरच्या डोंगरावरचा काळा खडक बर्फातून उघडा पडला की मेंढ्यांची लोकर कातरायची, हा आमच्या घरचा नियम. सासऱ्यांच्या आजोबांपासून चालत आलेला. खडक दिसल्यावर थंडी परत येत नाही, असं सासरे छातीठोकपणे सांगायचे आणि ती कधी आलीही नव्हती.

यंदा खडक महिनाभर आधीच दिसला. ऊन असं की मेंढ्या धापा टाकत सावली शोधायच्या. मी कातरीला धार लावायला बसले, तर सासरे म्हणाले, थोडं थांबू या. का, ते त्यांना सांगता येईना. माझी जीभ पहिल्यापासून तिखट. नियम तुमचा, खडक तुमचा, मग आता माशी कुठं शिंकली, असं मी सरळ विचारलं. नवरा हसला. सासऱ्यांनी डोंगराकडे पाहिलं.

"दिसतोय खरा," ते म्हणाले.

दोन दिवसांत आम्ही नवरा-बायकोनं त्रेसष्ट मेंढ्या कातरल्या आणि लोकर पोत्यांत भरली. उघड्याबोडक्या मेंढ्या उड्या मारत कुरणावर गेल्या. बघा, तुमच्यापेक्षा ह्यांनाच जास्त कळतं, असं मी सासऱ्यांना चिडवलंसुद्धा.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवत असताना खिडकी पांढरी झाली. मला धुकं वाटलं. नवऱ्यानं दार उघडलं, तर बर्फ थेट ताटांपर्यंत आला.

आम्ही कुरणाकडे धावलो. मेंढ्या वरच्या दगडी कुंपणाला चिकटून एकमेकींवर चढल्या होत्या. हाकललं तरी हलेनात. एकीच्या पाठीवर हात ठेवला. कातडी थरथरत होती, आणि माझ्या हाताखालीच ती थरथर थांबली. ह्यांच्या अंगावरचं मीच काढलंय, एवढंच डोक्यात घुमत होतं.

तेवढ्यात सासरे लोकरीचं पोतं फरफटत वर आले.

"बांध परत," ते म्हणाले.

मग आम्ही तिघं कातरलेली लोकर मेंढ्यांच्या पाठीवर टाकून पोटाखालून सुतळीनं बांधत सुटलो. सुतळी संपल्यावर घरातल्या चादरी आणल्या, नवऱ्याचे शर्ट आणले, माझी लग्नातली शाल आणली. सासऱ्यांनी अंगातला स्वेटर काढून एका म्हाताऱ्या मेंढीच्या गळ्यात घातला.

सकाळी चोवीस उभ्या होत्या. एकोणचाळीस जागच्या जागी गोठल्या होत्या, काहींचे डोळे उघडेच. नवरा पुन्हा पुन्हा मोजत होता. मोजू नकोस म्हणून मी त्याच्यावर ओरडले. सासरे उभ्या मेंढ्यांच्या गाठी तपासत फिरत होते.

दुपारी कडक ऊन पडलं. बर्फ वितळला आणि काळा खडक पुन्हा दिसू लागला, जणू काही झालंच नाही. सासरे पायरीवर बसले होते. मी शेजारी जाऊन बसले.

"बाबा, चुकलं माझं."

"तू नियम पाळलास," ते म्हणाले. "मला आतून नको वाटत होतं, तरी मी खडकाचं ऐकलं. आता मला काही कळत नाही, पोरी. पुढच्या वर्षी कधी कातरायची, ते तू सांग."

मी डोंगराकडे पाहिलं. मग कुरणाकडे. एक मेंढी माझी लग्नातली शाल पोटाला बांधून चरत होती. ऊन कडक होतं, तरी ती शाल सोडायला मी उठले नाही.