गुणाबाईचं मूठधान्य

त्या रविवारी गुणाबाई सगळ्यांच्या मागे, दाराला टेकून बसली होती. बसली कसली, अंग चोरून पडली होती म्हणा. पनवेलात ख्रिस्ती घरं दहा-बारा, त्यांची उपासना कमळाकर मास्तरांच्या ओटीवर भरायची. टेबलाशेजारी गाडगी रांगेनं मांडलेली असायची. भात शिजवताना रोज एक मूठ तांदूळ प्रभूसाठी बाजूला काढायचे, त्या आठवडाभराच्या मुठी त्या गाडग्यांत. मास्तर उपदेशक, पगार तुटपुंजा, तेव्हा त्यांची चूल याच मूठधान्यावर चालायची.

गुणाबाईच्या गाडग्यात वर तांदूळ होते आणि खाली मीठ.

आणि हे काही पहिल्यांदा नव्हे, चौथा रविवार. लढाई संपली तरी रेशन संपेना, पावसामुळे मिठागरं बंद, मुलगा मुंबईला गेला तो तिकडचाच झाला, आणि घरात सून शकू ओली बाळंतीण. तिला पेज नको द्यायला? पहिल्यांदा प्रभूची मूठ चुलीकडे वळवली तेव्हा गुणाबाईनं प्रभूची माफी मागितली होती. पुढे तीही मागेनाशी झाली, आणि तिला खरी लाज वाटत होती ती याची. मास्तरांची बायको वेणूबाई सगळी गाडगी एकाच डब्यात ओतते, तांदूळ धुताना मीठ विरघळेल, कुणाला कळतंय, असं तिनं मनाशी धरलं होतं. अहो, अख्ख्या मंडळीत मिठागरावर जाणारी बाई ती एकटीच, मीठ सापडलं की बोट तिच्याकडेच. पण पोटात आग पडली की एवढी साधी गोष्टही डोक्यात येत नाही.

पुढच्या महिन्यात मुंबईचे पाद्री येऊन नातवाचा बाप्तिस्मा करणार होते. त्याआधी हे उघडं पडलं तर? चोरट्या आजीच्या नातवाच्या डोक्यावर कोण पाणी घालील?

मास्तरांनी बायबल उघडलं. दाविदाची गोष्ट लावली. जीव मुठीत धरून पळणारा दावीद भुकेला होऊन देवाच्या घरी आला. तिथं होत्या त्या देवापुढच्या भाकरी, याजकांखेरीज, म्हणजे तिथल्या पुजाऱ्यांखेरीज, कुणी खायच्या नाहीत अशा.

"याजकानं काय केलं?" मास्तरांनी विचारलं. "उचलून दिल्या. पुढे येशूच्या भुकेल्या शिष्यांना बोल लावणारे आले, तेव्हा येशूनं त्यांना हीच गोष्ट सांगितली."

गुणाबाईची कानशिलं तापली. आपलं बिंग फुटलंय, धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. पण छातीवरचा धोंडाही जरासा हलला. दाविदानं खाल्लं, तरी देवानं त्याला टाकलं नाही.

उपासना संपली. एकमेकांना सलाम करून माणसं पांगली. ती मात्र तशीच मास्तरांपुढे जाऊन उभी राहिली.

"मास्तर, प्रभूचे तांदूळ मी खाल्ले. गाडग्यात खाली मीठ हाय. मला मंडळीतनं काढा, पर पोराचा बाप्तिस्मा नका अडवू. त्याचा काय दोष नाय."

आतून वेणूबाई आली.

"पहिल्याच रविवारी कळलं होतं, गुणाबाई. डब्यात हात घातला तर मीठच हाती आलं. तेव्हाच यांना सांगितलं मी."

गुणाबाईनं मास्तरांकडे पाहिलं. त्यांची मान खाली होती.

"बाप्तिस्मा होईल, गुणाबाई," ते म्हणाले. "त्याची काळजी सोडा. तीन आठवडे मी बायबल चाळत होतो. तुमचं मन न दुखवता तुम्हाला धीर देईल असं वचन शोधत होतो." त्यांनी बायबल मिटून टेबलावर ठेवलं. "ते सापडायला मला एवढे दिवस लागले. तुमच्या घरी यायला पाच मिनिटं लागली असती."

महिनाभर आपण एकटीच लाजेनं मरतोय, असं धरून चालली होती ती.

"मग आता चला," ती हळूच म्हणाली. "नातवाचं तोंड तरी बघा. महिन्याचा झाला तो."

वेणूबाईनं पदरात तांदूळ घेतले. गुणाबाई पुढे निघाली आणि मास्तर तिच्या मागून. वाटेत दोघा-तिघांनी मास्तरांना सलाम केला, पण त्यांनी काही मान वर केली नाही.